कुंभाराची आंधळी कुत्री

पूर्वी शुभावती नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. लोकांनी हाकलून दिलेली आंधळी, बहिरी, लंगडी कुत्री तो घरी आणी, त्यांची शुश्रूषा करी आणि मग मडक्यांच्या गाडीत बसवून गावोगावी नेई. परतताना गाडीत एकही कुत्रे नसे.

वेशीवरच्या पहारेकऱ्यांचा नायक दंडक याला ही गोष्ट सलू लागली. गवताच्या गाडीत दडवलेल्या तलवारी एकदा त्याच्या नजरेतून सुटल्या होत्या आणि त्यातून पेटलेल्या दंग्यात त्याचा भाऊ मारला गेला होता. तेव्हापासून त्याचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. 'राखण न करणारे कुत्रे कोण कशाला पाळील?' तो स्वतःशी म्हणे.

एके सकाळी तो साध्या वेशात गाडीमागून निघाला. गाडीत एक आंधळी कुत्री होती. पहिल्याच गावात सोमिल एका तेल्याच्या दारी थांबला आणि विचारू लागला, "दुपारी घरी कोण असतं? मागचं दार उघडं राहतं का? विहीर कुठं आहे?"

'सापडला! हा चोरांसाठी घरे हेरतो आहे!' दंडकाने तिथेच सोमिलाच्या मुसक्या बांधल्या.

"नायक, हिला दिसत नाही," सोमिल शांतपणे म्हणाला. "उघड्या दारातून जाऊन विहिरीत पडेल. म्हणून विचारलं."

"गोष्ट चांगली रचलीस! खरं असेल तर हिला इथंच सोड आणि चालता हो. मी अडवणार नाही."

"घर अजून पाहून झालं नाही. मला कोंडायचं तर कोंडा, पण हिला माझ्याजवळ राहू द्या."

सुटका सोडून हा कोठडी मागतो, याने दंडकाचा संशय दुणावला. दोघांनाही कोंडून तो सोमिलाच्या वाटेवरची गावे धुंडाळू लागला. तिसऱ्या गावात एक म्हातारी कोष्टीण मागावर बसली होती. शेजारी कुत्रा निजला होता. दंडक त्याच्याकडे वाकताच ती काठी घेऊन उठली.

"दूर हो! कोण रे तू?"

"हा कुत्रा मला हवा आहे."

"सोमिलाला विचारल्याशिवाय मी हा कोणाला द्यायची नाही. बहिरा आहे तो. असा अंगावर गेलास तर दचकेल."

तिने जमिनीवर हलकेच पाऊल आपटले. कुत्रा जागा झाला आणि शेपूट हलवत तिला बिलगला. "हेसुद्धा त्यानंच शिकवलं," म्हातारी म्हणाली. "दर अमावास्येला येऊन बघून जातो."

पुढच्या गावांतही हेच दिसले. दंडक मान खाली घालून परतला आणि त्याने कोठडी उघडली.

"ही कुत्री मला दे," तो म्हणाला.

"नाही," सोमिल म्हणाला. "तुमचा आवाज ऐकला की ही थरथरते."

"मग मी काय करू?"

"अंगणात येऊन बसत जा. बोलू नका."

पंधरा दिवस दंडक कुंभाराच्या अंगणात मुकाट बसला. सोळाव्या दिवशी कुत्री चाचपडत आली, तिने त्याचा हात हुंगला आणि गुडघ्यावर हनुवटी टेकली. भावाच्या मरणानंतर प्रथमच दंडकाच्या डोळ्यांत पाणी आले.

सोमिल हातची माती धुऊन उठला. "चला, आता तुमचं घर पाहू."

ही कथा सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाले, "विहाराच्या दाराशी प्रत्येक पाहुण्याची झोळी तपासणारा आपला उत्तरक तेव्हा दंडक होता. त्याला न घाबरणारी ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी सुमना, ती कोष्टीण होती. कुंभार मीच होतो." मग मैत्री पारमितेची, म्हणजे सर्व जीवांवरच्या निरपेक्ष प्रेमाची, थोरवी सांगून ते थांबले. दाराशी ऐकत उभ्या असलेल्या उत्तरकाने तपासायला घेतलेली एका पाहुण्याची झोळी न उघडताच त्याला परत दिली.