नऊशे मुक्या ओळी

“आणि मी नको म्हणाले तर?” ढवळीकर मॅडमनी विचारलं.

“तरी पुसणार,” तन्वीर म्हणाला.

मॅडम चहात खारी बुडवत राहिल्या...

मिरजेतल्या त्या कंपनीत कारखान्यांसाठी स्क्रीन बनत. स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मॅडमनी अठरा वर्षांपूर्वी लिहिला होता. आता त्या निवृत्त होत्या, तरी त्यांच्या कोडला हात लावायची कुणाची छाती होत नसे. त्यातल्या नऊशे ओळी जुन्या, जाड काचेच्या स्क्रीनपुरत्या होत्या. तसला शेवटचा स्क्रीनही भंगारात गेला होता.

आता तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या तन्वीरने त्या ओळी काढायचं नाव काढलं आणि मोहोळच उठलं. राहू दे की, खायला मागतात का, असं जो तो म्हणू लागला. साहेबांनी तर बजावलं, एक स्क्रीन जरी काळा पडला तरी तू घरी. घाबरट लेकाचे, असं मनात म्हणत तन्वीर राजीनामा खिशात घालूनच मॅडमकडे आला होता.

“दाखव,” मॅडम म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप उघडला. नऊशेच्या नऊशे ओळी जागच्या जागी होत्या. फक्त प्रत्येकीआधी त्याने दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. अशी ओळ यंत्र वाचत नाही, माणसाला मात्र दिसत राहते.

“कधीपासून?”

“तीन आठवडे. एकही स्क्रीन बिघडला नाही.”

“मग या अजून इथे कशा?”

“असू दे म्हटलं... लागल्याच तर...”

तन्वीर मध्येच थांबला. त्याचे कान तापले. ऑफिसातले सगळे हेच तर म्हणत होते.

मॅडमनी सगळ्या ओळी निवडल्या, लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

त्याचं बोट बटणापाशी अडलं. कधी नव्हे ती त्याला भीती वाटली...

त्याने बटण दाबलं.

मग सोबत आणलेला छोटा स्क्रीन जोडून सुरू केला. तेच आकडे, तोच हिरवा रंग.

“काहीच बदललं नाही,” तो म्हणाला.

मॅडमनी त्याच्या खिशातून डोकावणारा राजीनामा काढून घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“आता ऑफिसात जा,” त्या म्हणाल्या, “आणि भांड.”