सावली मारायची नाही

फोटो अजून अंधाऱ्या खोलीत धुऊन काढायचे, तेव्हाची ही गोष्ट. कुंदा खरवंडीकर सरांच्या स्टुडिओत प्रकाशयोजना शिकत होती. दिवे लावून सावली घालवली की स्टुडिओत 'सावली मारली' म्हणत. सर मात्र बजावायचे, "सावली नरम करायची. मारायची नाही."

कुंदाला ते जुनाट वाटायचं. एका दुपारी सर जेवायला गेले, तशी तिने चहूबाजूंनी दिवे लावले आणि ती स्वतःच कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसली.

"एक दिवा तरी विझव," भिंतीवरची तिची सावली म्हणाली. "मला बसायला जागा उरली नाही."

"म्हणजे जमत आलंय," असं म्हणून कुंदाने हाताशी ठेवलेला शेवटचा दिवा थेट भिंतीवर सोडला. सावली पुसली गेली.

सर परतले तेव्हा स्टुडिओ लख्ख उजळला होता आणि स्टूल रिकामं होतं.

"सर, मी इथेच बसलेय," कुंदाचा आवाज आला, अगदी जवळून.

सरांनी घाईघाईने एकेक दिवा विझवला. एकच उरला, तेव्हा भिंतीवर स्टुलाची सावली पडली आणि त्यावर बसलेल्या मुलीची. समोरचं खरं स्टूल अजून रिकामंच होतं.

"तिला बसायला जागा उरली नाही, सर," सावली म्हणाली. "आता माझा फोटो काढा."