मोडक्या शिंगाचा भुरक्या

फार मागे, सागाच्या एका रानात शिकारी येत आणि सांबरांची शिंगवाली मुंडकी भिंतीवर टांगायला नेत. एका वर्षी कळपातले तीन नर गेले, भुरक्या तेवढा वाचला.

“यानेच शिकाऱ्यांना पाणवठा दाखवला असणार,” कळपात कुजबुज सुरू झाली.

“माझं एक शिंग मोडलंय. मला नेऊन ते काय करतील?” भुरक्या म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्याला कळपाबाहेर हाकललं.

पुढल्या वर्षी जुनी शिंगं गळून त्याला डौलदार नवी शिंगं आली. एका सकाळी बार ऐकू आला. भुरक्या पडला.

“म्हणजे तो फितूर नव्हता,” म्हातारी कपिली म्हणाली.

कळप भीतीने एकमेकांना बिलगला. थोड्या वेळाने कुणीतरी विचारलं, “मग फितूर कोण?”

सगळ्यांच्या माना हळूहळू कपिलीकडे वळल्या.