येसूकाकांची सोन्याची वायर

आमच्या घरात एकच नियम आहे. मोठ्यांनी सांगितलं की करायचं, "का?" विचारायचं नाही. मी तो रोज मोडते. येसूकाकांनी अठ्ठावन्न वर्षांत एकदाही मोडलेला नाही. म्हणून माझे आजोबा, म्हणजे आबा, येता-जाता ऐकवतात, "एमएस्सी करून काय शिकलीस? शिकायचं तर येसूकडून शीक."

भोळी माणसं गावोगावी असतात. आमच्या गावातला भोळा आमच्याच घरात राहतो, आणि माझ्यासाठी स्थळ बघायचं काम आबांनी त्यालाच दिलं होतं. माझी शेवटची परीक्षा मार्चमध्ये होती. आबांना मला त्याआधीच उजवायचं होतं.

दिवाळीत नवा टीव्ही आला. आबा म्हणाले, "येसू, त्याची वायर घेऊन ये. दुकानदार सांगेल ते ऐक."

दुकानदाराने सांगितलं, "जितकी महाग, तितकं चित्र स्वच्छ." काकांनी दुकानातली सगळ्यांत महाग वायर आणली. मखमली डबी, टोकांना सोन्याचा मुलामा.

"सोनं आहे? मग उघड्यावर ठेवू नकोस," आबा म्हणाले.

काकांनी वायर कपाटात ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. टीव्ही अर्थातच काळा. मग मी सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यात फुकट आलेली वायर शोधून जोडली. चित्र आलं.

काकांनी टाळी वाजवली. "बघा आबा! कपाटातूनसुद्धा चालते!"

"काका, ही तर खोक्यातली..."

"मोठ्यांच्या मधे बोलू नये," आबा म्हणाले. "चित्र बघ कसं आहे! सोनं ते सोनं."

पुढच्या आठवड्यात आबांचा चष्मा फुटला. काका तालुक्याला गेले आणि म्हणाले, "सगळ्यांत महाग द्या. चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे." सगळ्यांत महाग होता तो जाड भिंगांचा, दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर. आबांनी तो घातला आणि दारातल्या म्हशीला रामराम केला.

"गाढवा! वस्तू आधी घालून बघावी, मग आणावी!"

"बरं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूने त्यांना शिंप्याकडून ब्लाउज आणायला पाठवलं. काकांनी तो शिंप्याच्या दुकानात, भर रस्त्यावर, घालून बघितला. दोन्ही बाह्या उसवल्या. काकूने दोन दिवस अबोला धरला.

आबा कडाडले, "आता नवीन काही डोक्यात घेऊ नकोस! दुकानदाराने सांगितलं होतं ना, तेवढंच धरून ठेव!"

"बरं," काका म्हणाले.

आणि स्थळं बघायला गेले.

स्थळं दोन होती. एका घरचे म्हणाले, "आम्हाला नारळ आणि मुलगी पुरे. परीक्षाही होऊ द्या तिची." दुसऱ्या घरच्यांनी आठ तोळे मागितले. संध्याकाळी काका हसतहसत आले. आबा, बाबा, आत्याचे यजमान, सगळे टीव्हीवर बातम्या बघत बसले होते.

"दुसऱ्यांकडे सुपारी फोडून आलो," काका म्हणाले. "पहिलं स्थळ फुकटचं होतं. तसलं काय कामाचं?"

"शाब्बास!" आबा म्हणाले.

"आणि आबा, ते आठच तोळे म्हणत होते. मी त्यांना वीसवर आणलं. म्हटलं, मुलगा आणखी स्वच्छ दिसेल."

बाबा बोटांवर वीस तोळ्यांचा हिशोब करू लागले. आबांनी मात्र मान हलवली. "फुटलेली सुपारी मागे घेता येत नाही. आता शब्द पाळायचा. का, कसं, विचारायचं नाही."

मी उठले. टीव्हीच्या मागे हात घातला आणि वायर ओढली. बातम्या गेल्या.

"ही बघा आबा, खोक्यातली. फुकटची. दिवाळीपासून तुम्ही हिच्यावर बातम्या बघताय. चित्रात काय कमी पडलं? तुमचं सोनं अजून कपाटात आहे."

आबांनी चष्मा काढला.

"मी हे लग्न करणार नाही. मार्चमध्ये परीक्षा देणार. सुपारी काकांनी फोडलीय, तर बोहल्यावर काकांनीच उभं राहावं."

टीव्ही काळा, आत्याचे यजमान आपल्या चपला शोधायला लागलेले.

काकांनी हळूच विचारलं,

"आबा, शालू आधी घालून बघू का?"