खालच्या गावचं पाणी

एका मोठ्या शहरात, नदीच्या काठी, एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्या पाठशाळेत एके काळी पुष्कळ विद्यार्थी होते. पुढे नदीला वास येऊ लागला तसे आईबाप मुलांना तिथे पाठवीनासे झाले, आणि शेवटी नरहरी नावाचा एकच शिष्य उरला. तोही आता चाळिशीला आला होता. आचार्यांचं जेवणखाण, औषधपाणी सारं तोच पाही.

त्या वर्षी वैशाखात आचार्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना नरहरीला दाराबाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगून गेले. थोड्या वेळाने आचार्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"नरहरी, जाण्याआधी आपल्या नदीचं घोटभर पाणी प्यावंसं वाटतं. आणशील?"

नरहरी फिरकीचा तांब्या घेऊन घाटावर गेला. धरणातून पाणी सोडणं कधीच बंद झालं होतं. घाटाची शेवटची पायरीसुद्धा कोरडी होती आणि तिच्यापुढे भेगाळलेला गाळ लांबवर पसरला होता. त्याच्या मधून एक काळी धार चालली होती. तिला नदी म्हणायचं एवढंच. नाल्यांनी आणून सोडलेलं शहराचं सांडपाणी नदीच्या वाटेने वाहत होतं. दगडांच्या आडोशाला पांढरा फेस साचला होता. नरहरी नाकाला उपरणं लावून धारेपर्यंत गेला, वाकला, तांब्याचं तोंड पाण्याजवळ नेलं, पण पुढे त्याचा हात रेटेना. ज्यांनी आपल्याला अक्षरओळख दिली, त्यांच्या मुखात हे घालायचं?

तो तसाच मागे फिरला. अंगणातल्या नळाखाली त्याने तांब्या भरला, झाकण घट्ट फिरवलं आणि आचार्यांच्या उशाशी येऊन बसला.

"गुरुजी, पाणी आणलंय."

त्याने एक पळीभर पाणी त्यांच्या ओठांत सोडलं. आचार्यांनी ते क्षणभर जिभेवर धरलं, मग गिळलं. नरहरीला त्यांच्याकडे पाहवेना.

"गोड आहे," आचार्य म्हणाले. "आता हा तांब्या आंबेडोहला घेऊन जा. नदीच्या खालच्या अंगाचं गाव. तिथे शेवंताबाई राहतात, तू इथे येण्यापूर्वी पाठशाळेत स्वयंपाकाला होत्या. त्यांना हे पाणी दे आणि परत ये."

"तुम्हाला अशा अवस्थेत टाकून जाऊ? आणि एवढ्या लांब पाणी पोचवायला?"

"जा. मी थांबतो."

नरहरीला काही उमगेना. आजाराने गुरुजींचं मन भ्रमलं की काय, अशीही शंका त्याला आली. पण आज्ञा मोडण्याची त्याला सवय नव्हती. शेजाऱ्यांना आचार्यांपाशी बसवून तो एसटीने निघाला. फाट्यावर उतरून रणरणत्या उन्हात आंबेडोहपर्यंत चालत गेला. वाटेत नदी सोबतीला होती, म्हणजे तिचा वास सोबतीला होता. नदीकाठीच गावाची विहीर होती आणि तिच्यावर मोटर चालू होती.

शेवंताबाई ओसरीवर बसून पाणी गाळत होत्या. हंड्याच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलेलं, हातात तुरटीचा खडा. त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत खरजेचे डाग होते. आत त्यांची सून झोळीतल्या तान्ह्या मुलीला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती.

"गुरुजींनी धाडलंय? बरं हाय ना त्यांचं?"

"अंथरुणावर आहेत," नरहरी म्हणाला. त्याने तांब्या पुढे केला. शेवंताबाईंनी झाकण काढून आत पाहिलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शहरातलं नळाचं पाणी! अगं सूनबाई, आधी पोरीला हे पाज. ते राहू दे." मग नरहरीकडे वळून म्हणाल्या, "आठ दिस झाले, जुलाब थांबत न्हाईत तिचे. औषध चालू हाय. पण दवाखान्यातली बाई म्हणते, पाणी बदला. आता ते कुठून बदलावं?"

"इथे दुसरं पाणी नाही?"

"हीच विहीर. पाऊस लागला की बरं असतं. उन्हाळ्यात वरनं जे येतं तेच हिच्यात झिरपतं." बोलता बोलता त्यांनी गाळलेल्या पाण्याचा पेला भरला, बशीत गुळाचा खडा ठेवला आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या. लांबून आलात."

नरहरीच्या घशाला कोरड पडली होती. त्याने पेल्यात पाहिलं. पाणी किंचित पिवळसर होतं.

"तहान नाही मला," तो म्हणाला.

शेवंताबाईंनी त्याच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि पेला हळूच मागे घेतला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "हितं आलेलं कुणी पीत न्हाई."

त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं नरहरीला परतीच्या वाटेवर पुनःपुन्हा वाटत राहिलं.

तो पोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. शेजारी उठून गेले. आचार्य जागे होते.

"तिथलं पाणी प्यालास?"

"नाही, गुरुजी." त्याने विहिरीचं, झोळीतल्या आजारी पोरीचं सारं सांगितलं, आणि मग त्याच्याने राहवेना. "सकाळी मी तुम्हाला फसवलं. ते नदीचं पाणी नव्हतं."

"नदीचंच होतं. वरच्या धरणात अडवलेली हीच तर नदी आपल्या नळाला येते. आपण तिला वरून निर्मळ घेतो. खाली सोडतो ती कशी, ते तू पाहून आलास." आचार्य बोलता बोलता थांबले, दम घेतला. "मी मागितलं ते पाणी आणायला तुझा हात धजला नाही, कारण तुला माझी माया आहे. मी तर उद्याचा जाणारा माणूस. काय व्हायचं होतं मला त्या पाण्याने? तरीही तुला ते करवलं नाही. पण तेच पाणी आपण सारे रोज त्या झोळीतल्या पोरीला पाजतो, आणि आपला हात जराही कापत नाही. का, तर तिचं तोंड आपण पाहिलेलं नसतं."

नरहरी खाली मान घालून बसला होता. तसंच त्याने विचारलं, "मग यावर उपाय काय, गुरुजी?"

"मला ठाऊक नाही," आचार्य म्हणाले. "तुला रिकाम्या हातांनी ठेवून जातो आहे. पण आता निदान तू त्या पोरीला ओळखतोस."

पहाटे आचार्य गेले. जाताना त्यांच्या मुखात नरहरीने पाणी घातलं ते नळाचंच. दुसरं घालणं त्याला तेव्हाही जमलं नाही.

स्मशानातून परतल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या. नरहरी सर्वांत शेवटी मोरीत बसला. अंगाला साबण लावून त्याने डोक्यावर पाणी ओतलं. फेस जाळीपाशी क्षणभर घुटमळला आणि आत उतरू लागला. ते पाहताच नरहरीने तळहाताने जाळी झाकली. पाणी तुंबलं, पायांशी चढू लागलं, उंबऱ्याशी आलं. किती वेळ धरून ठेवणार? बाहेरून कुणीतरी हाक मारली, "आटपा हो, माणसं खोळंबलीयत."

त्याने हात काढला. पाणी गेलं.

आजवर ते नुसतंच जात असे. त्या दिवशी ते शेवंताबाईंच्या घरी गेलं.