जहागीरदारांच्या जटा

साधुपुरुषासारखं दिसावं म्हणून उंबरगावच्या जहागीरदारांनी जटा वाढवायला घेतल्या. गेनू न्हावी रिठ्याने केस धुई, उन्हात वाळवी, बटा वळी आणि हात जोडून सांगे, "आता हात लावू नका, सरकार." पण सरकार दिवसभर बोटं घालून जटा झाल्या का ते बघत, आणि बटा सुटत.

शेवटी तेच गरजले, "उद्या जटा दिसल्या नाहीत, तर तुझी इनामाची जमीन काढून घेईन!"

वैतागलेला गेनू दुसऱ्या दिवशी विरजणाचं मडकं घेऊन आला आणि समोर बसून बोटाने ढवळत राहिला.

"अरे मूर्खा, सारखं ढवळलंस तर दही लागेल कसं?"

"न लागून सांगतंय कुणाला, सरकार? नाही लागलं तर म्हशीला हाकलून देईन."

जहागीरदारांचा बटेतला हात हळूच खाली आला.