रिकामी करवंटी

झाडांच्या ढोल्यांना दारं असायची, त्या काळची गोष्ट. एका खारीचा पाय मुरगळला, तेव्हा शेजारची साळुंकी करवंटीभर दाणे घेऊन आली. "घे गं, पिल्लांना घाल."

दाणे दोन दिवसांत संपले. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रानाची रीत. आणि खारीकडे करवंटीत घालायला काही म्हणजे काही नव्हतं. बाहेर पंख वाजले की पिल्लांची तोंडं दाबून ती दाराआड बसायची.

"खारे, बरी आहेस ना?" साळुंकी हाक मारायची. खार श्वास रोखून धरायची. करवंटी मागायलाच आली असेल, दुसरं काय!

सहाव्या दिवशी धाकट्या पिल्लाला भुकेनं मानही उचलवेना. मग मात्र खार लंगडत, धडपडत साळुंकीच्या दारी गेली. "रिकामीच आणलीय गं. रागावू नकोस."

साळुंकीच्या अंगणात दाण्यांचा ढीग होता. मुंग्यांनी तो अर्धा नेला होता.

"अगं, चार दिवस हिचीच वाट बघतेय!" साळुंकीनं करवंटी ओढून घेतली. "एकुलती एक माझी. भरून आणली असतीस, तर तुझे हे दाणे कशात घातले असते?"